खाली उतर, धाकट्या

४ मार्च

ताई,

सलाम, माझा आणि घरातल्या दोघींचाही. पत्राला उशीर झाला म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड, पण उत्तर लिहिण्यापुरती दोन-चार शाबूत ठेव. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्या खालच्या बेकरीवाल्याशी बोलण्यात अर्थ नाही. मागे मी त्याला एवढंच विचारलं की कशी आहे, तर म्हणाला, "ताजी आहे, आत्ताच भट्टीतून काढली." तेव्हापासून मी आपलं पत्रच लिहितो.

कामाचं ठीक चाललंय. दवाखान्याची मोठी इमारत उभी करतोय, आज सोळावा मजला. माझी क्रेन तिच्या शेजारी, तिच्याहून चार मजले उंच. सकाळी सातला शिडीला हात लावतो आणि वीस मिनिटांनी केबिनमध्ये पोचतो. केबिन आपल्या जुन्या न्हाणीघराएवढी. डबा, पाण्याची बाटली आणि दुसरी एक बाटली, एवढा संसार बरोबर असतो. फक्त दोन बाटल्यांत गफलत करायची नाही.

तू विचारलं होतंस की एवढ्या उंचावरून मला कळतं कसं. खाली आमचा शिट्टीवाला असतो, तोच माझे डोळे. तो हाताने सांगतो, वर घे, खाली सोड, डावीकडे फिरव. हे इशारे फक्त त्यानेच द्यायचे. पण मूठ वर करून थांब म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, अगदी पाणी वाटणाऱ्या बाईलासुद्धा. मूठ दिसली की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. मागच्या गुरुवारी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, काँक्रीटची बादली मी मधेच लोंबकळत ठेवली म्हणे. विचारात होतो, दुसरं काही नाही.

एक सहज विचारतो. वडील म्हणायचे ना, की आपला जीव, आपलं काम, सगळं देवाने दिलेलं, आपण नुसते कारभारी. मग कारभाऱ्याने आपणहून कारभार खाली ठेवला तर चालतं का? की मालक काढून घेईपर्यंत धरूनच ठेवायचा? पाळकांना विचारलं असतं, पण ते आधी तासभर आपली पाठदुखी सांगतात. तुझं उत्तर एका पानात येतं.

तुझा,
धाकट्या


९ मार्च

धाकट्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले.

तुझं ते "सहज" मला चांगलं माहीत आहे. लहानपणी तू सहज विचारायचास की खिडकीची काच किती दिवसांत बसवून मिळते, आणि मागे काच फुटलेली असायची. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुझा मेहुणा जेवताना म्हणत होता की या वयात माकडासारखं काय चढतोस, माझ्या दुकानात पंख्याखाली बस. तू तेव्हा हसलास. पण तुझ्या डोळ्यांत तो पंखा फिरताना मी पाहिला.

मग ऐक. खिळ्यांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. ताप येऊन कान गेले, तरी खाडा केला नाही. सुपरवायझर म्हणायचा, ही बाई आणि ते यंत्र एकाच दिवशी बंद पडतील. कारभारी म्हणजे काय हे मला पाळकांकडून शिकावं लागलं नाही. मालक हाताला धरून उठवेपर्यंत जागा सोडायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंटाळा आला, गुडघे दुखले, भीती वाटली, ही सगळी पळवाटांची नावं आहेत. देवाने दिलेलं काम नको म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट वाढणाऱ्याच्या अंगावर लोटणं.

तुला उंचीवर शांत राहणारे हात दिलेत. शंभरात एकाला मिळत नाहीत. ते दुकानातल्या स्क्रूच्या पुड्या बांधण्यासाठी दिलेले नाहीत. चढ आणि काम कर.

बेकरीवाल्याला मी तुझा सलाम सांगितला. त्याने एक पाव जास्त दिला.

ताई


२० मार्च

ताई,

तू कान उपटलेस ते बरं झालं. मेहुण्याच्या पंख्याचं मात्र खोटं आहे. मला त्या दुकानात बसायचं नाही. मला खाली बसायची भीती वाटते आणि आता वर चढायचीही भीती वाटते. मधे शिडी आहे, तेवढीच माझी जागा उरली आहे.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. बायकोला सांगितलेलं नाही, पाळकांना नाही, कोणालाच नाही. हे फिरून माझ्या घरात किंवा साइटवर येता कामा नये. तू शब्द दिलास असं धरूनच लिहितो.

मला काहीतरी होतंय. पहिल्यांदा जानेवारीत, दाढी करताना. आरशात बघत होतो, आणि एकदम बघतो तर गालावरचा साबण वाळलेला. झोप नव्हती, चक्कर नव्हती, पडलोही नव्हतो. फक्त मधली काही मिनिटं कोणीतरी कापून नेली होती. दुसऱ्यांदा त्या गुरुवारी. बादली हवेत होती आणि शिट्टीवाला हातवारे करून दमला. मी म्हणे डोळे उघडे ठेवून त्याच्याकडेच बघत होतो. त्याला वाटलं मस्करी करतोय. तिसऱ्यांदा गेल्या रविवारी उपासनेत. सगळे गाण्यासाठी उठले आणि मी बसूनच. बायकोने कोपर मारलं, म्हणाली, डुलक्या काय काढता. मी हो म्हटलं.

खरी भीती पुढेच आहे. क्रेन चालवायच्या दांड्याला स्प्रिंग असते. हात सुटला की दांडा मधे येतो आणि सगळं थांबतं. म्हणून मी स्वतःला समजावत होतो की मला काही झालं तरी यंत्र थांबेल. पण दाढीच्या वेळी वस्तरा हातातून सुटला नव्हता, ताई. मूठ इतकी आवळली होती की दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवावं लागलं. त्या गुरुवारी दांडा मधे होता, एवढंच नशीब.

दोन एप्रिलला जिन्याचे तयार तुकडे चढवायचे आहेत, अठरा तुकडे, एकेक तीन टनांचा. ते जागेवर बसवायला चौघं जण खाली उभे असतात. तुकडा त्यांच्या डोक्याशी आला की मी तो बोटबोट खाली सोडायचा. दिवसभर हेच.

तुझं पत्र येण्याआधी मी मुकादमाला सांगायचं ठरवलं होतं. तोंडाने सांगणं जमेना म्हणून कागदावर लिहिलंही होतं. तुझं पत्र वाचलं आणि तो कागद फाडला. मालक उठवेपर्यंत उठायचं नाही, हे तू बरोबर लिहिलंस. ज्याने हात दिले तोच ते धरील. मी चढतोय. तू फक्त प्रार्थना कर, आणि माझ्यासाठी घाबरू नकोस. घाबरायचं काम मी एकटा दोघांच्या वाटणीचं करतोय.

धाकट्या


२३ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र दुपारी आलं. ताट वाढलेलं होतं, ते तसंच आहे. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. पण एवढं आधी वाच. खाली उतर. उद्या चढू नकोस. माझं मागचं पत्र घे आणि चुलीत घाल.

मी तुला न विचारता उत्तर दिलं. काच फुटली आहे हे ओळखलं आणि कुठली फुटली ते विचारलं नाही. मला वाटलं तू आळसावलास. उपदेश करायची संधी मिळाली की मी दुसऱ्याचं ऐकत नाही, त्याला बहिरं असावं लागत नाही.

आता तुला एक सांगते, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला ताप कधीच आला नव्हता.

कारखान्याच्या डॉक्टरने मला तिसऱ्याच वर्षी सांगितलं होतं की या यंत्रापासून ऊठ, पॅकिंगला बस, नाहीतर दोन्ही कान जातील. मी उठले नाही. पॅकिंगला म्हाताऱ्या बायका बसायच्या आणि मला त्यांच्यात बसायची लाज वाटत होती. खिळ्यांच्या तीस यंत्रांवर मी एकटीच बाई होते, त्याचा ताठा होता. त्या ताठ्याला मी देवाचं नाव दिलं. देवाने दिलेलं काम आहे, मी सोडणार नाही, असं सगळ्यांना सांगायचे. मंडळीत माझं कौतुक व्हायचं, आणि ते मला गोड लागायचं. आधी पाखरं गेली. मग उपासनेतली गाणी. मग माणसांचे आवाज. मग मी ताप आल्याचं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर कौतुक थांबलं असतं.

आई गेली तेव्हा शेवटी तिचे ओठ हलत होते. मी तिच्या तोंडाशी कान नेला आणि मला काहीही ऐकू आलं नाही. तुला विचारलं तर तू म्हणालास, काही विशेष नाही, पाणी मागत होती. ते खरं होतं की माझी समजूत, हे मी तुला आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

ते कान माझे नव्हते, धाकट्या. वापरायला दिले होते. मी ते खिळ्यांवर उधळले आणि त्याला सेवा म्हटलं. कारभाऱ्याने काम सांभाळायचं आणि ज्या शरीराने ते करायचं ते मोडून टाकायचं, असं कोणत्या मालकाने सांगितलंय? आणि मी तर फक्त माझेच कान घालवले. तुझ्या खाली चौघं आहेत.

मुकादमाला सांग. तोंडाने जमत नसेल तर पुन्हा लिही. मला उलट टपाली कळव. मी रोज जिन्यात बसून पोस्टमनची वाट बघेन, त्याची हाक मला ऐकू येत नाही.

ताई


२७ मार्च

ताई,

तुझ्या कानांचं वाचून वाईट वाटलं. रागही आला. एवढी वर्षं तू मला तापाचं सांगत राहिलीस. लहानपणी मला साधी कणकण आली तरी मी कान चाचपून बघायचो.

पण त्याहून जास्त राग याचा आला की नऊ तारखेला तू लिहितेस चढ आणि तेवीसला लिहितेस उतर. दोन्हीकडे देवाचं नाव. आता तूच सांग, यातलं कोणतं पत्र देवाचं?

तुला वाटतं सांगणं सोपं आहे. सांगितलं की त्याच क्षणी क्रेन चालवायच्या परवान्याचं माझं कार्ड जमा होईल, आणि मग ते परत मिळत नाही. अठरा वर्षं मी वर बसतोय. साइटवर कोणी मला नावाने हाक मारत नाही, क्रेनवाला म्हणतात. पोरीच्या शाळेत वडील काय करतात विचारलं की ती बोटाने आकाश दाखवते. खाली उतरलेला मी कोण, हे मला खरंच माहीत नाही. वडील म्हणायचे काम हे दान आहे. मग ते काढून घेतलं तर देणाऱ्याला मी नकोसा झालो, असाच अर्थ ना?

चढायची मला हौस आहे असं समजू नकोस. काल निम्म्यावर थांबलो. वर जाववेना, खाली येववेना. शिडीच्या गजाला कपाळ टेकून उभा राहिलो. खालच्यांना वाटलं बुटाची नाडी बांधतोय. वर पोचल्यावर सारखं घड्याळ बघतो, मधलं एखादं मिनिट गेलं तर नाही ना म्हणून. दांडा धरताना आता मला माझ्याच बोटांची भीती वाटते.

पण दोन तारीख मला काढायची आहे. पलीकडच्या साइटवर दुसरा क्रेनवाला आहे, त्याला बोलवायचं तर मुकादमाला कारण द्यावं लागेल. फक्त तो एक दिवस. तीन तारखेला मी स्वतः डॉक्टरकडे जातो. गेले बारा दिवस काही झालेलं नाही, कदाचित गेलं असेल. तोवर तू गप्प राहा. तुझ्याशिवाय मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तू मला फसवणार नाहीस.

धाकट्या


तार
३० मार्च
मुकादम, दवाखान्याची साइट

क्रेनवाल्यास वर पाठवू नका. मधेच भान जाते. तीन वेळा झाले. तो सांगणार नाही. सख्खी बहीण.


३० मार्च

धाकट्या,

मी तुझ्या मुकादमाला तार केली आहे. हे पत्र पोचेल तेव्हा ती पोचलेली असेल.

तारेच्या खिडकीवरच्या बाईने शब्द मोजले आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. तिने ओरडून विचारलं, मग अजून ओरडून. शेवटी मागच्या माणसाने माझ्या पाठीवर टकटक करून कागदावर लिहून दाखवलं, "भान जाते की भाग जाते?" तोवर सगळ्या रांगेला कळलं होतं की कोणाचं तरी भान जातं. तू ज्याला एवढा जपत होतास ते मी पोस्टात चारचौघांत उघड केलं. मी शब्द दिला नव्हता, पण तू धरून चालला होतास आणि मी गप्प राहिले, म्हणजे दिल्यासारखाच. तो मी मोडला. त्याचं मला काय वाटतं ते लिहीत नाही, लिहून ते हलकं होऊ नये.

कोणतं पत्र देवाचं असं विचारलंस. दोन्ही माझीच आहेत, धाकट्या. पहिल्यात मी माझा ताठा लिहिला आणि खाली देवाची सही मारली. दुसरं मी घाबरून लिहिलं. देव घाबरलेल्या बाईकडून लिहून घेतो का मला माहीत नाही. पण तुझ्याच कामाचा नियम तूच मला सांगितलास की थांब कोणीही म्हणू शकतं, आणि का म्हणून विचारायचं नाही. तर मी म्हणतेय.

तू नकोसा झालास का, याचं उत्तर मला येत नाही. कान गेल्यावर मीही तेच विचारत होते. अजून सकाळी उठते, बिछाना आवरते, चर्चच्या पडद्यांना टाके घालते. उत्तर आलेलं नाही, पण रोज सकाळी उठवतंय कोणीतरी.

माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. फक्त जिवंत राहा आणि त्या चौघांना जिवंत राहू दे.

ताई


५ एप्रिल

धाकट्या,

दोन तारीख होऊन तीन दिवस झाले. तुझं काही नाही.

बेकरीवाल्याकडून रोजचं वर्तमानपत्र आणते, तो पाव बांधायला घेतो त्याआधी. चारही दिवसांचे पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचले. क्रेनची बातमी नाही. बातमी नाही म्हणजे काही झालं नाही, की तुमच्या गावची बातमी इकडच्या पेपरात येत नाही, हे कोणाला विचारू? काल जिन्यात बसल्या बसल्या डोळा लागला आणि पोस्टमन मला ओलांडून गेला. उठून त्याच्यामागे चौकापर्यंत धावले. त्याने पिशवी उघडून दाखवली, माझं काही नव्हतं.

रागावला असशील तर रागावलो एवढं एकच लिहून पाठव. तेवढ्याने माझा जीव खाली येईल.

ताई


७ एप्रिल

वन्सं,

सलाम. तुमचं पत्र आत्ता आलं आणि मी फोडलं, आधीचीही काढून वाचली. हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. आधी हे वाचा. कोणीही मेलेलं नाही. हे घरात आहेत, पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले आहेत.

तुमची तार एकतीसला पोचली. मुकादमाने यांना ऑफिसात बोलावून ती वाचून दाखवली. हे हसले आणि म्हणाले, "माझी बहीण बहिरी आहे साहेब, कोणाचं तरी काहीतरी ऐकते आणि घाबरते." तुम्हाला हे माझ्याकडून कळतंय याबद्दल माफ करा, पण लपवालपवी पुरे झाली. मुकादमाला माणूस हवा होता, त्याने खरं मानलं. शिट्टीवाला दारात उभा होता. त्याने मानलं नाही. त्याला तो गुरुवार आठवत होता.

दोन तारखेला सकाळी सातला हे शिडीपाशी गेले तर शिट्टीवाला शिडीसमोर मूठ वर करून उभा. हे ओरडले, ढकललं, मुकादम आला, त्याने समजावलं. याची मूठ काही खाली येईना. अर्धा तास तसाच. सगळी साइट बघत होती. शेवटी मुकादमाने पलीकडचा क्रेनवाला बोलावला आणि नऊ वाजता काम सुरू झालं. हे रागाने सिमेंटच्या गोदामात जाऊन बसले. डबाही उघडेनात.

अडीचच्या सुमाराला शिट्टीवाला पाणी घेऊन गेला. समेट करायला गेला असेल. यांनी ग्लास घ्यायला हात पुढे केला आणि ग्लासाऐवजी त्याचं मनगट धरलं. धरलं ते सोडेचनात. डोळे उघडे, पण बघत नव्हते. तो हाका मारतोय, सोडवतोय, पण बोटं हलेनात. दोघांनी मिळून ती सोडवली. त्याचा हात मी काल पाहिला, वन्सं. पाच बोटांचे पाच वळ, काळेनिळे. आणि बाहेर त्या वेळी बारावा तुकडा हूकला लटकत होता आणि खाली माणसं उभी होती.

यांना शुद्ध आल्यावर ते वळ दाखवले. तेव्हापासून हे बोललेले नाहीत.

डॉक्टर म्हणतात ही एक प्रकारची फिट आहे. गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण वर पुन्हा कधीच नाही.

आता मला एक बोलू द्या, लहान असले तरी. मी अठरा वर्षं या माणसाच्या शेजारी झोपते, आणि मी डुलक्या म्हटलं तर मला नुसतं हो म्हणून सांगितलं. तुम्ही दोघं बहीणभाऊ देवाशी फार बोलता. कारभारी काय आणि दान काय, पानंच्या पानं. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र काही सांगायचं नाही. यांच्या जिवाचा कारभार देवाने एकट्या यांच्याकडे दिला होता का? थोडा माझ्याकडेही दिला असेल की. मला कोणी विचारलंच नाही.

तार केलीत ते चांगलं केलंत. पण मला लिहायला हवं होतं, मुकादमाला नव्हे. मी शिडीवरून यांना पायाला धरून ओढलं असतं.

तुमची भावजय


१६ एप्रिल

ताई,

आज लिहितोय. तुझ्या आधीच्या पत्रांची उत्तरं देण्याइतकं बळ नाही, तेव्हा जे झालं ते सांगतो.

मी तुला मुकादमासमोर बहिरी म्हणालो. तू बहिरी आहेस, त्यात खोटं काही नाही. पण मी ते ज्या कामासाठी वापरलं त्याची मला लाज वाटते. माफ करशील तेव्हा कर, घाई नाही.

आणि आई. ती पाणी मागत नव्हती. तुझं नाव घेत होती आणि म्हणत होती, हिला एकटी ठेवू नका. तू रडशील म्हणून मी पाण्याचं सांगितलं. आपल्या घरात सगळेच सगळ्यांची समजूत घालत बसले.

गोळ्यांनी डोकं जड होतं. सकाळी सात वाजता आपोआप जाग येते आणि मग करायला काही नसतं. भीती गेलेली नाही, ताई. आधी वर जायची होती, आता सकाळ व्हायची आहे. बायको मला क्षणभर नजरेआड करत नाही. दाढीसुद्धा तीच करते, आणि अशी करते की फिटपेक्षा तिचाच धसका घ्यावा.

काल साइटवर माझं सामान आणायला गेलो. शिट्टीवाल्याला भेटलो. वळ पिवळे पडलेत. नुसता त्याचा हात हातात घेऊन उभा राहिलो. जेवणाची सुट्टी होती. तुकडे बसवणारे ते चौघं भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसले होते. दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यांवर वजनं उतरवतोय, आणि वरून मला फक्त चार पिवळ्या टोप्या दिसायच्या. त्यांनी सरकून जागा केली. टोप्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. एकाला पुढचे दोन दात नाहीत. एक सारखा हसतो. एकाच्या बायकोला हा नववा महिना आहे, त्याचं अर्धं लक्ष फाटकाकडे असतं. चौथा बोलतच नाही, पण आपल्या डब्यातला अर्धा भात त्याने न विचारता माझ्यापुढे सरकवला.

"कंबर गेली का?" दात नसलेल्याने विचारलं. शिडीपाशी झालेलं त्यांनीही पाहिलं होतं, पण कारण म्हणून एवढंच कानावर आलं होतं.

मी सांगितलं. दाढीपासून मनगटापर्यंत सगळं. माहीत असून मी चढत होतो, हेही. मग तोच म्हणाला, "म्हणजे त्या गुरुवारी बादलीखाली आम्हीच होतो की." आणि तो पुन्हा जेवायला लागला.

ताई, तीन महिने मी रोज केबिनमध्ये प्रार्थना केली. माझे हात धर, माझं काम राख, मला खाली उतरवू नकोस. डोळ्यांत पाणी आणून केली. आणि त्या चौघांसाठी एकदाही केली नाही. विसरलो असंही नाही, मला ते सुचलंच नाही. कारभार म्हटला की मला माझे हात दिसायचे आणि माझा दांडा दिसायचा. खाली उभे असलेलेही मला सांभाळायला दिले होते, हे अठरा वर्षांत मनात आलं नाही. देणाऱ्याने माझ्याकडे ती चार माणसं परत मागितली असती तर मी काय दाखवणार होतो?

निघताना मी त्या चौघांना त्यांची नावं विचारली. ते हसले, एवढ्या दिवसांनी काय म्हणून. घरी आल्या आल्या ती कागदावर लिहून भिंतीला लावली आहेत. हल्ली माझ्या डोक्यातून कधी काय निघून जाईल त्याचा भरवसा नाही, आणि यातलं एकही नाव जायला नको.

धाकट्या